इंजिन बदललं, आता एसीचं ब्रॅकेट

जुन्या जीपमध्ये दुसरं डिझेल इंजिन बसून गाडी पळायला लागली, की मालक विचारतोच, "भाऊ, आता एसी लागते का?" आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा विचारणं रास्तच आहे. लागते. पण एसीचा कॉम्प्रेसर ब्रॅकेटने, म्हणजे त्याला धरणाऱ्या लोखंडी पट्टीच्या आधाराने, इंजिनलाच बसवा, चेसिसला नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डोलतं, चेसिस डोलत नाही. दोघांमध्ये ताणलेला बेल्ट रेस देताच उडतो.

ब्लॉकवर आटे पाडलेली रिकामी भोकं शोधा. माती-ग्रीसने बुजलेली असतात. वायर ब्रशने साफ करून काडीने खोली मोजा. १० मिमीच्या बोल्टचे आटे निदान १५ मिमी आत जायला हवेत. बोल्ट लांब असेल तर तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण पट्टी सैलच राहते.

भोकांच्या कडांना थोडं ग्रीस लावा आणि वर पुठ्ठा दाबा. गोल उमटतात, तोच तुमचा नकाशा. त्यावरून १० मिमी जाडीची लोखंडी पट्टी कापा. ६ मिमीत भागतं असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. इंजिनच्या थरथरीने पातळ पट्टी वेल्डिंगच्या कडेला तडकते. तिरका आधारही द्याच.

खरं काम पुलीच्या रेघेचं, म्हणजे दोन्ही पुल्या एका सरळ रेषेत आणण्याचं, इथे घाई नको. कॉम्प्रेसरच्या क्लचची पुली आणि इंजिनची क्रँक पुली एकाच जातीच्या बेल्टच्या हव्यात. रेघ पुलीच्या काठावरून धरू नका, काठांची जाडी वेगळी असते, खाचेवरून धरा. सरळ पट्टी लावून वर, खाली, दोन्हीकडे बघा. मिलिमीटरभर फरकही मला खपत नाही. फरक भरायला वॉशरची चळत लावू नका, ती दबत जाते. जिनिंगची कामं करणाऱ्या टर्नरकडून मापाचा बुश, म्हणजे बोल्टवर बसणारी नळी, काढून घ्या.

बॅटरीची वायर काढून गाडीवर वेल्डिंगचे फक्त छोटे टाके मारा. पूर्ण वेल्डिंग ब्रॅकेट खाली काढून, जाड प्लेटला आवळून, थोडं इकडे थोडं तिकडे करत घ्या. एका दमात ओढलं की ब्रॅकेट वाकतं. थंड झाल्यावर रेघ पुन्हा तपासा. रेडिएटरचा पंखा, बॉनेट, स्टिअरिंगचा रॉड यांच्यापासून दोन बोटं जागा सोडा.

कॉम्प्रेसरची टोपणं पाइप जोडायच्या वेळेपर्यंत काढू नका. आतलं ऑइल हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात तर फारच.

बेल्ट असा ताणा की लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सुमारे १० मिमी दबेल. मग गाडी पांदण रस्त्याने फिरवून आणा आणि बोल्ट पुन्हा आवळा. पुलीच्या एकाच अंगाला काळी भुकटी दिसली तर रेघ तिथे सरकली आहे. बुश काढून टर्नरकडे न्या.