पायलटचा महिन्याचा पगार रोस्टरवरून कसा काढायचा

अमेरिकेत एअरलाइनचा पायलट तासाला 200 डॉलर घेतो असं कुठे ऐकलं की लोक लगेच रोजचे आठ तास धरून गुणाकार करून मोकळे होतात. पण तो हिशेब तसा होतच नाही. नीट काढायचा तर असं करा.

आधी रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, ब्लॉक टाइम बघा, म्हणजे ज्याचे पैसे मोजतात तो वेळ. दारं बंद, पार्किंग ब्रेक सुटला, विमान हललं की मीटर चालू, आणि पोचून गेटवर ब्रेक लागला की बंद. त्याच्या आधीचं रिपोर्टिंग, हवामानाचे कागद, इंधन किती घ्यायचं ते ठरवणं, विमानाभोवती चक्कर मारून टायर-इंजिन बघणं, पॅसेंजर चढेपर्यंत थांबणं, यात कितीही वेळ गेला तरी सहसा मीटर बंदच असतं.

मग मिनिटं दशांशात करा. 2 तास 20 मिनिटं म्हणजे 2.20 नाही, 2.33. बऱ्याच करारांत शेड्यूलचा वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यातला जास्त असेल तो धरतात, म्हणजे लवकर पोचलं तरी पैसे कापले जात नाहीत.

आता रिग, म्हणजे ड्युटीच्या तासांवरून किमान पगार ठरवणारं कलम, सगळ्यात महत्त्वाचं. समजा ड्युटी 12 तासांची आणि त्यात 2 तास 20 मिनिटांच्या दोनच फ्लाइट, म्हणजे मीटरवर 4 तास 40 मिनिटं. करारात ड्युटीच्या दर दोन तासांमागे एक तास पगार असेल तर 6 तास धरतात, म्हणजे तासाला 200 ने साधारण 933 ऐवजी 1200 डॉलर. मला तर हे कलम रेट वाढण्याइतकंच मोलाचं वाटतं, कारण हे नसेल तर माणसाला दिवसभर एअरपोर्टवर बसवून ठेवायला कंपनीला काहीच पडत नाही!

महिन्याची बेरीज गॅरंटीशी, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी जितक्या तासांचा पगार मिळतोच त्या आकड्याशी, ताडून बघा. ती बऱ्याच ठिकाणी 70-75 तासांची असते, आणि रिझर्व्हवर फोनची वाट बघत बसणाऱ्यांचा सगळा आधार तीच. उड्डाणाच्या तासांची वरची मर्यादा नियमाने ठरलेली, 28 दिवसांत 100 तास आणि 365 दिवसांत 1000.

त्यावर पर डिएम, म्हणजे बेस (पायलटचं नेमून दिलेलं एअरपोर्ट) सोडल्यापासून परत येईपर्यंतचा खाण्यापिण्याचा भत्ता, तो हॉटेलात झोपलेल्या तासांचाही मिळतो.

आपल्याकडे भारतात फिक्स पगार आणि वर फ्लाइंग अलाउन्स अशी पद्धत असते, त्यामुळे इथली ऑफर हातात आली की आधी गॅरंटी किती तासांची ते शोधा, आणि त्यापुढच्या तासाला काय रेट आहे ते लेखी विचारून घ्या.