नवापूरकडच्या भातवाणांतील जनुकीय फरक कसे शोधावेत

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर किंवा अक्कलकुवा तालुक्यात भाताचे वाण गोळा करायला निघताना एक गोष्ट पक्की धरावी, की नाव म्हणजे वाण नव्हे. एकाच नावाखाली दोन गावांत वेगवेगळे भात असू शकते आणि एकाच भाताला भिल्ली व कोकणी बोलींत निराळी नावे असू शकतात. म्हणून कणगीतले पसाभर धान्य न घेता, शेतकऱ्याच्या संमतीने, उभ्या पिकातील निरनिराळ्या रोपांच्या लोंब्या तोडाव्यात, प्रत्येक लोंबी स्वतंत्र पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर गाव, शेत, शेतकऱ्याने सांगितलेले वाणाचे नाव, कुसळ आणि तुसाचा रंग लिहावा. ही नोंद चुकली, तर पुढे कोणतीही प्रयोगशाळा ती दुरुस्त करू शकत नाही.

पुढच्या खरिपात प्रत्येक लोंबीची वेगळी ओळ लावावी, एकाच रोपाचे कोवळे पान सिलिका जेलमध्ये वाळवावे आणि सीटॅब (पेशी फोडून डीएनए वेगळा करणारे रसायन) पद्धतीने डीएनए काढावा. वाण एकमेकांपासून वेगळे ओळखण्यापुरते एसएसआर मार्कर (डीएनएतील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) चालतात. फरक नेमका कोणत्या जनुकात आहे हे हवे असेल, तर संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो.

वाचलेले डीएनएचे तुकडे सहसा 'निप्पॉनबारे' या जपानी वाणाच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ गुणसूत्रांच्या संदर्भक्रमावर (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या डीएनए-अक्षरांच्या क्रमावर) जुळवतात. भात स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारा) असल्यामुळे एका रोपात एकाच जागी डीएनएची दोन निरनिराळी अक्षरे क्वचितच दिसायला हवीत. तशी ती बहुतेक नमुन्यांत दिसली, तर एकमेकांसारख्या दिसणाऱ्या निरनिराळ्या जनुकांचे तुकडे एकमेकांवर बसले असण्याचा संशय घ्यावा. एकाच नमुन्यात जागोजागी दिसली, तर संकर किंवा मिसळ झाली आहे का, ते पाहावे.

सर्वांत मोठी चूक मात्र संदर्भक्रमावर न जुळलेले तुकडे फेकून देण्याची असते. पुरात तग धरू देणारे 'सब१ए' हे जनुक निप्पॉनबारेत नाहीच. ते ओडिशाच्या 'एफआर१३ए' वाणातून मिळाले. म्हणून उरलेले तुकडे वेगळे जोडून अवश्य तपासावेत.

सुवासासाठी आठव्या गुणसूत्रावरील 'बॅडएच२' हे जनुक पाहावे. त्यातील ८ अक्षरांचा लोप बासमतीसह अनेक सुवासिक वाणांत आढळतो, पण सुवास इतर बदलांनीही येतो. त्यामुळे लोप नसला, तरी त्याच ओळीतील पान बारीक कापून १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि वास घेऊन पाहावा.