हॉस्पिटलमधला चिवट संसर्ग टाळण्यासाठी पेशंटजवळ बसणाऱ्याने काय करायचं

अॅडमिट होऊन 48 तास उलटल्यावर नव्याने ताप आला, तर हॉस्पिटलमध्येच लागलेल्या संसर्गाची शंका घेतली जाते. तिथले बरेच जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. ते बहुतेक वेळा हातांवरून येतात आणि नळीवाटे शरीरात शिरतात, म्हणून पेशंटजवळ बसणाऱ्याने सगळ्यात आधी नळ्यांकडे पाहायला शिकावं.

लघवीच्या नळीपासून सुरुवात करा. तिची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. घोटाळा होतो तो पेशंटला तपासणीला नेताना. स्ट्रेचरवर घेताना पिशवी उचलून पोटावर ठेवली जाते, नळीतली लघवी उलटी वाहते आणि जंतू थेट मूत्राशयात पोचतात. हलवण्याआधी पिशवी रिकामी करून घ्या. रिकामी करताना तिची तोटी भांड्याला लागू देऊ नका, आणि ते भांडं त्याच पेशंटचं असू द्या. नळी आणि पिशवीचा जोड कधीच सोडू नका. नळी राहील त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू होण्याचा धोका साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे रोज राउंडला न संकोचता विचारा, ‘डॉक्टर, ही नळी आज काढता येईल का?’ हा प्रश्न विचारणं तुमचा हक्कच आहे.

सलाईनच्या सुईची जागा दिवसातून दोनदा नीट बघा. लाली, सूज, दुखरेपणा, दोरीसारखी कडक लागणारी शीर किंवा ओलं झालेलं, सुटलेलं ड्रेसिंग दिसलं, तर लगेच सिस्टरना दाखवा. औषध सोडण्याआधी सुईचं बाहेरचं, औषध टाकायचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने 15 सेकंद घासून सुकू द्यायला हवं. ओल्यावरच इंजेक्शन दिलं तर घासण्याचा पूर्ण फायदा मिळत नाही.

आता हात. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळा, साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद द्या. अंगठे आणि बोटांची टोकं हमखास राहून जातात. पेशंटला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच वापरा, कारण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं रूप, सॅनिटायझरने मरत नाहीत. ग्लोव्हज घातले तरी हात धुणं सुटत नाही. शेजारच्या कॉटवर बसू नका. असिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या रेलिंगवरही कित्येक दिवस तग धरतो, आणि तुमच्या मोबाइलवरही.

ऑपरेशनआधी घरी वस्तऱ्याने केस काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढतात.

अँटिबायोटिक सुरू होणार असेल तर विचारा, ‘कल्चरला सँपल गेलं का?’ कल्चर म्हणजे रक्त, लघवी वगैरेंतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी. पहिल्या डोसनंतर घेतलेल्या सँपलमध्ये जंतू वाढतीलच असं नाही. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र सँपलसाठी डोस अडवू नका. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधापुढे ‘आर’ असेल तर ते त्या जंतूवर चालत नाही, ‘एस’ असेल तर चालतं. रिपोर्ट आला की औषध बदलायचं का, कमी करायचं का, किती दिवस द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा. लघवीत जंतू सापडले पण त्रास काहीच नाही, अशा वेळी गरोदरपणासारखे मोजके अपवाद सोडले तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. ते मागून घेऊ नका.

थंडी वाजून ताप, धाप, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न बघता सिस्टरना हाक मारा.

डिस्चार्ज घेताना कल्चर रिपोर्टची प्रत मागून घ्या. ऑपरेशनची जखम 30 दिवस, आत प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर 90 दिवस तपासत राहा. पुढे कुठेही अॅडमिट व्हावं लागलं, तर तो रिपोर्ट पहिल्याच दिवशी दाखवा, म्हणजे औषध निवडताना आणि पेशंटला वेगळं ठेवायचं का ते ठरवताना वेळ जाणार नाही.