काशी नावेतून: घरच्या सगळ्यांसह एक दिवस, अस्सी ते राजघाट

काशीत गंगा वळसा घेऊन दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. समोरच्या काठावर नुसती रेती. दिवसाचा बेत या एवढ्या माहितीवर ठरवता येतो. सकाळचं कोवळं ऊन थेट घाटांवर पडतं, म्हणून घाट पाहायचे ते सकाळीच. दुपारनंतर सूर्य वाड्यांच्या मागे जातो, घाट सावलीत बुडतात आणि फोटोही काळवंडतात. प्रवाह दक्षिण टोकाच्या अस्सी घाटाकडून उत्तर टोकाच्या राजघाटाकडे जातो, म्हणून नाव धरायची ती अस्सीला.

बरीच कुटुंबं गोदौलिया चौकातून सरळ दशाश्वमेध घाटावर जातात, तिथे नावेत बसून अर्धा-पाऊण तास फिरतात आणि परततात. त्यात काशीची दोन्ही टोकं राहून जातात. अस्सी ते राजघाट हे अंतर साधारण ६ किलोमीटर आहे. ते एका दिशेने, सलग, पाण्यावरून पार केलं की हे शहर नीट उलगडतं. मराठी माणसासाठी तर यात आणखी एक धागा आहे, कारण पेशवे, होळकर, शिंदे, भोसले हे सगळे या काठावर दगडाच्या रूपाने भेटतात.

कोणत्या दिवसांत जावं

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जानेवारी मात्र धुक्याचे. सकाळी ९ वाजेपर्यंत घाट दिसत नाहीत आणि दाट धुक्यात नाव काढणं धोक्याचंही असतं. त्या दिवसांत सूर्योदयाचा हट्ट सोडा आणि ऊन पडल्यावर निघा. याच महिन्यांत पाण्यावर पांढऱ्या पाहुण्या पक्ष्यांचे थवे असतात; मुलं त्यांच्यातच रमतात. मे-जूनमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा ८ च्या आत काठावर परतलेलं बरं. पावसाळ्यात पाणी चढलं की नौकाविहार बंद होतो. काशीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि नावा त्याच्या बऱ्याच आधी थांबवल्या जातात. जुलै ते सप्टेंबरमध्ये नावेच्या भरवशावर सहल आखू नका. पूर ओसरल्यावरही ऑक्टोबरमध्ये खालच्या पायऱ्यांवर गाळाचे थर असतात. मोटारीच्या पंपाने पाण्याचा फवारा मारून तो काढेपर्यंत घाटावरून घाटावर सलग चालता येत नाही.

सूर्योदय जूनमध्ये ५ वाजून १० मिनिटांच्या सुमारास होतो, जानेवारीत पावणेसातला. नावेत त्याआधी वीस मिनिटं बसलेलं असावं.

नाव ठरवताना

तीन प्रकार मिळतात: वल्ह्याची नाव, मोटरबोट आणि बजडा, म्हणजे दुमजली मोठी नाव. माणसं सहापर्यंत आणि सगळी धडधाकट असतील तर वल्ह्याचीच घ्या. आवाज नसतो, घंटा ऐकू येतात, नावाडी सांगतो ते कानावर पडतं. अस्सी ते दशाश्वमेध पाऊण ते एक तास आणि राजघाटापर्यंत रमतगमत दोन तास धरा. आजी-आजोबा बरोबर असतील तर मोटरबोट बरी, कारण तिचे काठ उंच असतात आणि बऱ्याच बोटींत पाठ टेकायला जागा असते. तीही सीएनजीवर चालणारी मागा. डिझेलच्या धुराने मुलांना मळमळतं. बजडा मोठ्या गोतावळ्यासाठी ठीक, पण तो काठापासून लांबून जातो.

भाव करण्याआधी चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: पैसे पूर्ण नावेचे की माणशी, कुठून कुठपर्यंत, मध्ये किती वेळा थांबायचं आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. हिंदीत एवढं म्हटलं तरी पुरतं: ‘पूरी नाव, अस्सी से राजघाट, एक तरफ का.’ एकेरी फेरीला नावाडी जरा जास्त मागेल. ते वाजवी आहे, कारण परतताना त्याला रिकामी नाव प्रवाहाविरुद्ध ओढत आणायची असते. माणशी भावाच्या नावेत बसू नका. ती भरेपर्यंत सुटत नाही आणि तोवर सूर्य वर आलेला असतो. जॅकेट मोठ्यांचंच असेल तर लहान मुलाच्या अंगातून ते पाण्यात वर निसटतं. पट्टे आवळूनही खांद्यांवर धरून उचलल्यावर ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर दुसरी नाव बघा. इथे घासाघीस नको.

नावेत चढताना एकेकाने, पाय मधोमध टाकून चढावं. जड माणसं मध्ये, मुलं त्यांच्या आतल्या बाजूला. फोटोसाठी सगळे एकाच बाजूला उठले की नाव कलंडते. आणि बोटं कधीही काठावर बाहेरून ठेवू नयेत. फुलं-दिवे विकणारे आणि इतर नावा येऊन खेटतात, तेव्हा बोटं चिरडतात; मुलांना हे नावेत बसण्याआधी सांगा. नावेत स्वच्छतागृह नाही, अस्सीवरच सगळ्यांनी आटपून घ्या. थंडीत पाण्यावर काठापेक्षा जास्त गार लागतं, त्यामुळे कानटोपी आणि शाल हवीच.

वाटेत काय पाहायचं

अस्सीवर पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ असतं. आरती, शास्त्रीय गायन-वादन, योगासनं. पंधरा मिनिटं तिथे बसा आणि मग नाव सोडा. अस्सीमागच्या भदैनी भागात राणी लक्ष्मीबाईंचं स्मारक आहे. मणिकर्णिका तांबे, म्हणजेच ही राणी, काशीतच जन्मली. चालत पाच-दहा मिनिटं लागतात, त्यामुळे हे सकाळी न करता संध्याकाळी जमलं तर करा.

पुढे तुळशी घाट. तुळसीदासांचं वास्तव्य इथलं. मग चेतसिंह घाटाचा किल्ल्यासारखा तट येतो. मुलांना इथली गोष्ट सांगाच. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला याच वाड्यात अटकेत ठेवलं, लोक चवताळून उठले, आणि राजा पागोट्यांची दोरी करून नदीकडच्या खिडकीतून उतरून नावेने निसटला. नाव इथे दोन मिनिटं थांबवली तर कोणती खिडकी असेल यावर मुलांचा वाद रंगतो.

त्यानंतर हरिश्चंद्र घाट. इथे आणि पुढे मणिकर्णिका घाटावर चिता जळत असतात. मुलांना आधीच साध्या शब्दांत सांगून ठेवा, कारण अचानक समोर आलं की ती घाबरतात. नावाड्याला नाव प्रवाहाच्या मध्यातून न्यायला सांगा आणि फोन-कॅमेरे खिशात ठेवा. तिथे कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं. फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मणिकर्णिकेवर उतरलात तर चितेच्या लाकडांसाठी दान मागणारे गाठतात. नम्रपणे नाही म्हणा आणि चालत राहा.

केदार घाटाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पायऱ्या लांबूनच ओळखू येतात. मग अमृतराव पेशव्यांचा राजा घाट, आणि थोडं पुढे मुन्शी व दरभंगा घाटाचा तो प्रसिद्ध दगडी वाडा. हा मूळचा नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला आणि नंतर दरभंग्याच्या राजाने घेतला. चुनारचा वालुकाश्म सकाळच्या उन्हात मधाच्या रंगाचा दिसतो. सगळ्या प्रवासात कॅमेऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही. लगेच अहिल्याबाई घाट, मग दशाश्वमेध. तो १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात पक्का झाला.

ललिता घाटाशी विश्वनाथ धामाचं गंगाद्वार नदीतूनच दिसतं. आजचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभं केलं. दर्शन मात्र या दिवसात कोंबू नका. रांगेत कित्येक तास जाऊ शकतात, फोन आत नेता येत नाही, लॉकरचीही रांग असते, आणि गंगाद्वाराच्या पायऱ्या उंच आहेत. दर्शनासाठी वेगळी सकाळ ठेवा.

मणिकर्णिकेच्या पलीकडे रत्नेश्वर महादेवाचं तिरकं मंदिर दिसेल. त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्याखाली वा गाळात असतो. शेजारच्या शिंदे घाटाचं वजन नदीकाठच्या मातीला पेललं नाही आणि घाटाचा काही भाग खचला. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास तो बांधला होता. नदीकाठी पाया का खचतो हे मुलांना समजावायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पुढे भोसले घाट, नागपूरकरांचा.

पंचगंगा घाटावर उतरायचं की नाही हे गुडघ्यांवर ठरवा. पायऱ्या पुष्कळ आणि चढ उभा आहे. ज्येष्ठांनी नावेतच बसावं, बाकीच्यांनी अर्धा तास वर जाऊन यावं. वर आलमगीर मशीद आहे, बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराच्या जागी बांधलेली, आणि जवळच बिंदुमाधवाचं आजचं मंदिर. याच घाटाच्या पायऱ्यांवर कबीराला रामानंदांकडून मंत्र मिळाल्याची कथा सांगतात. इथून ब्रह्मा घाट, दुर्गा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घराणी राहत आली; दारांवर मराठी आडनावं शोधण्याचा खेळ मुलांना लावून द्या.

तिथून राजघाटापर्यंत घाट विरळ होतात, हा भाग मोटरबोटीने भराभर उरकला तरी चालतं. शेवटी मालवीय पूल येतो: १८८७ चा, खाली रेल्वे आणि वर रस्ता. पुलाजवळच्या नमो घाटावर उतरा. चढायला रॅम्प आहे, व्हीलचेअरही जाते, स्वच्छतागृहं आहेत आणि बाहेर रिक्षा मिळते. सूर्योदयाला निघालात तर साडेआठ-नऊला इथे असाल. मुलांना भूक लागलेली असते. कचोरी-भाजी आणि जिलबी हा काशीचा सकाळचा नाश्ता, तो १० च्या आत गाठा, नंतर कढया उतरतात. थंडीत ‘मलइयो’ हा दुधाच्या फेसाचा पदार्थही सकाळीच संपतो.

दुपार

११ च्या सुमारास दशाश्वमेधजवळच्या मानमंदिर घाटावरचा वाडा. आमेरच्या राजा मानसिंहाने हा १६०० च्या सुमारास बांधला आणि सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात गच्चीवर वेधशाळा उभारली. सम्राट यंत्र (म्हणजे मोठं सूर्यघड्याळ), चक्र यंत्र, दक्षिणोत्तर भित्ती. सूर्यप्रकाशाशिवाय हे सगळं मुकं आहे, म्हणून ही वेळ. सम्राट यंत्राच्या सावलीची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी पडताळून पाहा. काशी ८३ रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, त्यामुळे स्थानिक वेळ दोनच मिनिटं पुढे. पण सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली घड्याळाच्या सुमारे १८ मिनिटं पुढे असते, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२ मिनिटं मागे. चौथी-पाचवीपासूनच्या मुलांना हे हमखास आवडतं. वर माकडं असतात. चष्मा सांभाळा आणि खाऊची पिशवी उघडू नका.

त्यानंतर घरी किंवा हॉटेलवर दोन-तीन तास झोप. ही गाळली की संध्याकाळी मुलं आरतीआधीच रडकुंडीला येतात. उत्साह उरलाच असेल तर पलीकडच्या काठावरचा रामनगरचा १७५० चा किल्ला, पण सामनेघाटच्या पुलावरून रिक्षाने. नावेने जायचं तर प्रवाहाविरुद्ध फार वेळ जातो.

स्नान करायचं असेल तर घाटाच्या साखळीला धरूनच. पाण्याखालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, काही तुटलेल्या असतात आणि दोन-तीन पायऱ्यांनंतर एकदम खोल लागतं. मुलांना काठावर बसवून तांब्याने पाणी घाला. समोरच्या रेतीवर उतरून आंघोळीचा मोह टाळा. तिथे पायाखालची वाळू कधी सरकेल सांगता येत नाही.

आरती

दशाश्वमेधची आरती थंडीत ६ च्या, उन्हाळ्यात ७ च्या सुमारास सुरू होते आणि पाऊण तास चालते. जागेसाठी तासभर आधी पोचा. गर्दीच्या वेळी गोदौलियापुढे वाहनं सोडत नाहीत, शेवटचा टप्पा चालावा लागतो, हा वेळही धरा.

नावेतून आरती समोरून दिसते, हे खरं. पण नावा एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि संपल्यावर बाहेर पडायला अर्धा तास सहज लागतो. तोवर कुणालाही खाली उतरता येत नाही. आठ वर्षांखालची मुलं असतील तर पायऱ्यांवर, राजेंद्रप्रसाद घाटाच्या बाजूला वरच्या रांगेत बसा, म्हणजे मध्येच उठता येतं. फार लहान बाळ असेल तर अस्सीची संध्याकाळची आरती घ्या. गर्दी कमी आणि रस्ता जवळ. फक्त मोठी माणसं असतील तर नाव घ्या आणि नावाड्याला बाहेरच्या रांगेत उभी करायला सांगा.

दिवा सोडायचा तर पानाच्या द्रोणातला घ्या, प्लास्टिकचा नको. नावेतून सोडताना मूल बसलेलंच हवं, एकाने कमरेला धरावं आणि द्रोण मोठ्या माणसाने पाण्यावर टेकवावा. ओढणी-शाल आधी खोचून घ्या. परतताना गर्दीबरोबर गोदौलियाकडे न धावता पंधरा-वीस मिनिटं पायऱ्यांवरच थांबा, मग मुलांचा हात धरून सावकाश निघा. एखादं मूल हरवलं तर भेटायची जागा आरतीआधीच ठरवलेली असू द्या, आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या खिशात.