वसाहतीचा कागद लंडनच्या दफ्तरात कसा शोधावा

मॉरिशस, सिलोन, केनिया किंवा जमैका इथल्या ब्रिटिश कारभारावर काही शोधायचं तर बहुतेक जण लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये विषय टाकून बघतात. मजूर, जमीन, दंगल. हाती फार थोडं लागतं. कारण १९२६ पूर्वीचं वसाहत खात्याचं दफ्तर विषयवार लावलेलंच नाही. कुठल्या वसाहतीतून, कोणी आणि कधी लिहिलं या क्रमाने ते बांधलेलं आहे, आणि जाडजूड खंडाच्या वर्णनात अनेकदा "खलिते" (म्हणजे गव्हर्नरची लंडनला गेलेली अधिकृत पत्रं) आणि महिने एवढंच असतं.

म्हणून पहिला प्रश्न: त्या वर्षी त्या प्रदेशासाठी लंडनमध्ये जबाबदार कोण होतं? स्वतंत्र वसाहत खातं १८५४ पासूनचं. त्याआधी १८०१ पासून युद्ध आणि वसाहती एकाच खात्यात होत्या. १८५८ नंतर हिंदुस्थानचा कारभार इंडिया ऑफिसकडे होता आणि त्याचं दफ्तर क्यूला नाही, ब्रिटिश लायब्ररीत आहे. गोंधळ होतो तो दोन खात्यांच्या सीमेवरच्या प्रदेशांत. सिंगापूर, पेनांग, मलाक्का १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारखाली. एडन १८३९ ते १९३२ मुंबई इलाख्यात, मग थेट दिल्लीकडे आणि १ एप्रिल १९३७ पासून वसाहत खात्याखालची वेगळी वसाहत. त्यामुळे एडनचे जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातही सापडतात. केनिया १९०५ पर्यंत परराष्ट्र खात्याकडे होता, तेव्हा १९०० सालचं काही हवं असेल तर वसाहत खात्यात शोधून दिवस फुकट जातो. सिलोन मात्र शेजारी असूनही १८०२ पासून वेगळी राजवसाहत (क्राउन कॉलनी), म्हणजे थेट लंडनच्या हाताखालची.

हे ठरलं की मालिका निवडायची. वसाहत खात्याच्या, म्हणजे कलोनियल ऑफिसच्या, मालिकांचा कोड सीओ (टाइप करताना रोमन अक्षरांत). मूळ पत्रव्यवहारासाठी सिलोन ५४, मॉरिशस १६७, जमैका १३७, स्ट्रेट्स सेटलमेंट्स (वरचे सिंगापूर, पेनांग, मलाक्का) २७३, केनिया ५३३. प्रत्येक वसाहतीच्या आणखी मालिका असतात: कायदे, कौन्सिलचे कागद, गॅझेट आणि संकीर्ण. संकीर्णात ब्लू बुक सापडतं, म्हणजे १८२० च्या दशकापासून दरवर्षी ठरावीक नमुन्यात भरून लंडनला पाठवायचं आकड्यांचं पुस्तक. कोणत्या पदावर कोण आणि पगार किती, हे बघायला याच्याइतकी सोपी जागा नाही. पण ब्रिटिश संसदेच्या छापील अहवालांनाही ब्लू बुकच म्हणायचे. संदर्भ वाचताना कुठलं अभिप्रेत आहे हे आधी बघा.

आता खरं काम, बारनिशी. आवक पत्रांची रजिस्टरं स्वतंत्र मालिकांत आहेत आणि नवखा माणूस ती हमखास वगळतो. एकेका नोंदीत लंडनचा आवक क्रमांक, पत्राची तारीख, कोणाकडून आलं, विषय आणि पुढे काय झालं हे असतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एकाच खलित्याला दोन क्रमांक असतात: गव्हर्नरने घातलेला आणि लंडनने घातलेला. पुस्तकातल्या तळटीपेत कधी हा, कधी तो. तारखाही दोन, लिहिल्याची आणि पोहोचल्याची, आणि बोटीच्या टपालामुळे त्यांत कित्येक आठवड्यांचं अंतर. खंड बांधताना सहसा आधी गव्हर्नरचे खलिते, मग ट्रेझरीसारखी (ब्रिटिश अर्थखातं) लंडनची इतर खाती, शेवटी खासगी व्यक्ती आडनावाच्या वर्णक्रमाने. मिशनऱ्याचं किंवा मळेवाल्याचं तक्रारपत्र हवं असेल तर ते खलित्यांत नाही, खंडाच्या शेवटी बघायचं.

खलिता हाती आला की मजकुरावर लगेच उडी मारू नका, आधी वरचा शेऱ्यांचा कागद वाचा. वर आवक क्रमांक आणि एका ओळीत विषय. खाली कनिष्ठ कारकुनाची टिप्पणी: आधी काय झालं होतं, कोणता जुना कागद बघावा, उत्तर काय द्यावं. मग शेरे एकेक पायरी वर चढतात, सहाय्यक अंडर-सेक्रेटरी, कायम अंडर-सेक्रेटरी आणि क्वचित मंत्री. सह्या नसतात, नुसती आद्याक्षरं असतात. ती ओळखायला १८६२ पासून दरवर्षी निघणारी कलोनियल ऑफिस लिस्ट शेजारी ठेवा. त्या वर्षी कोणत्या खुर्चीत कोण होतं ते तिथे मिळतं. "पुट बाय" असा शेरा दिसला तर तो आपला "दफ्तरी दाखल": उत्तर शोधत बसू नका, गेलेलंच नाही. बहुतेक वेळा निर्णय खालच्या टिप्पणीतच झालेला असतो आणि वरचे फक्त मान डोलावतात. मंत्र्याने स्वतः चार ओळी खरडल्या असतील तर प्रकरण संसदेपर्यंत जाण्याची धास्ती होती असं समजायला हरकत नाही.

लंडनच्या उत्तराचा मसुदा १८७२ नंतर त्याच खलित्याला जोडलेला मिळतो. त्याआधीची जावक पत्रं वेगळ्या नकलवह्यांत आहेत, मॉरिशससाठी सीओ १६८. खोडलेली वाक्यं सोडू नका. काय लिहायचं टाळलं ते तिथेच कळतं.

दोन चुका फार होतात. पहिली, "कलोनियल सेक्रेटरी". वसाहतीत हा गव्हर्नरच्या हाताखालचा सचिवालयाचा प्रमुख. लंडनच्या वर्तमानपत्रांत मात्र याच नावाने वसाहतमंत्र्याचा उल्लेख येतो. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं की सगळा अन्वयार्थ फिरतो. दुसरी, विधान परिषदेच्या चर्चांवर विसंबणं. राजवसाहतीत बहुधा सरकारी सभासदांचं बहुमत असे आणि ते गव्हर्नरच्या हुकमाप्रमाणे मत देत. चर्चेत बिनसरकारी सभासदांची नाराजी दिसते; निर्णय का झाला ते गोपनीय खलित्यात.

रजिस्टरमध्ये नोंद आहे पण कागद नाही, असंही होतं. नोंदीवर "कायद्यानुसार नष्ट" असा शिक्का असेल तर ती खात्याने केलेली नेहमीची छाटणी. अशा वेळी वसाहतीतली प्रत शोधायची, कारण खलित्याची नक्कल तिथल्या सचिवालयात राहत असे.

ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या वर्षांची गोष्ट वेगळी. १९६१ साली वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांच्या काळात निघालेल्या सूचनांप्रमाणे ब्रिटनला अडचणीत आणतील असे कागद नव्या सरकारांच्या हाती द्यायचे नव्हते. काही जाळले, काही लंडनला हलवले. समुद्रात बुडवायचे तर वजन बांधून, खोल आणि प्रवाह नसलेल्या पाण्यात, असंही ठरवून दिलं होतं. हलवलेल्या फायली परराष्ट्र खात्याच्या हॅन्सलोप पार्क या बंदिस्त ठाण्यात पडून होत्या. माऊ माऊ खटल्यात (केनियातल्या माऊ माऊ बंडाच्या वेळी झालेल्या छळाबद्दल केनियन लोकांनी ब्रिटिश सरकारवर भरलेला) २०११ साली त्यांचं अस्तित्व उघड झालं आणि २०१२ पासून त्या एफसीओ १४१ (एफसीओ म्हणजे परराष्ट्र व राष्ट्रकुल खातं) या मालिकेत खुल्या झाल्या. केनिया, मलाया, सायप्रस यांच्या अखेरच्या दशकांसाठी आधी हीच मालिका उघडा. तिच्यात नष्ट केलेल्या कागदांचे दाखलेही आहेत, म्हणजे निदान काय जळलं याची यादी मिळते.

क्यूला जाण्याआधी रीडर्स तिकिटासाठी नावाचा एक आणि पत्त्याचा एक पुरावा काढून ठेवा, आणि कागद आधीच मागवा. आत फक्त पेन्सिल चालते. पेन नाही, खोडरबरही नाही. फ्लॅश बंद ठेवून स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो फुकट काढता येतात. प्रत्येक खंडाचा पहिला फोटो कोड, मालिका आणि खंड क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचा घ्या, आणि शेऱ्यांच्या कागदाची मागची बाजूही टिपा. बरेचदा शेवटचा शेरा तिथे सरकलेला असतो.