लांब पल्ल्याच्या टार्गेट रायफलसाठी स्कोप कसा निवडावा

स्कोप (रायफलवर बसवायची दुर्बीण) घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पॉवरचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा घेऊ? लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. ६०० किंवा १००० यार्डांवर टार्गेट लहान दिसलं म्हणून गुण गेले, असं फार क्वचित होतं. टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची चकती) जेवढा फिरवला तेवढं रेटिकल (आत दिसणारी नेम धरायची फुली) सरकत नाही, रायफल किंचित कलती राहते किंवा वारा चुकीचा वाचला जातो, तेव्हा गुण जातात. वाऱ्यावर स्कोपकडे इलाज नाही. बाकीच्या दोन गोष्टींचा बंदोबस्त मात्र निवडतानाच आणि बसवतानाच करावा लागतो.

रायफल चांगला ग्रुप देते (गोळ्या एकमेकींजवळ पडतात), काडतूस ठरलंय, गोळीचा वेग क्रोनोग्राफवर मोजलाय आणि परवाना, रेंज वगैरे सगळं जागच्या जागी आहे, असं मी धरून चालतो.

आधी स्पर्धा ठरवा

एफ-क्लासमध्ये (रायफल आधारावर टेकवून खेळायची लांब पल्ल्याची स्पर्धा) अंतर माहीत असतं, टार्गेट कागदी आणि स्थिर असतं, भरपूर वेळ मिळतो. तिथे १/८ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) बारीक क्लिक, म्हणजे टरेटची एक खाच, बारीक रेटिकल आणि जास्त मॅग्निफिकेशन कामाला येतं. वेगवेगळ्या अंतरांवरच्या लोखंडी प्लेटांवर घड्याळ लावून गोळ्या झाडायच्या असतील तर मिलमधलं (मिल हेही कोनाचंच माप), खुणा असलेलं रेटिकल आणि पटकन वाचता येणारा टरेट हवा. दोन्हींसाठी एकच स्कोप सुचवणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात दोन्हीकडे तडजोड होते.

नियमही आताच वाचून घ्या. एफ-क्लासच्या एफ-ओपन प्रकारात रायफलचं वजन स्कोपसकट १० किलोच्या आत आणि एफ-टीआर प्रकारात बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) व स्कोपसकट ८.२५ किलोच्या आत बसावं लागतं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) ३०० मीटर रायफल प्रकारात तर दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही.

मिल की एमओए

कोणतंही एक घ्या, पण टरेट आणि रेटिकल एकाच मापाचे हवेत. एमओएचा टरेट आणि मिलचं रेटिकल असलेले स्कोप अजूनही विकले जातात. ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटर सरकवतो, म्हणजे १००० मीटरवर १० सेंटिमीटर. १/४ एमओएचा क्लिक १००० मीटरवर साधारण ७.३ सेंटिमीटर, आणि १/८ चा त्याच्या निम्मा. एफ-क्लासच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर सर्वांत आतलं वर्तुळ ५ इंच व्यासाचं, म्हणजे जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर असतं. तिथे लोक १/८ चा आग्रह का धरतात, हे यावरून कळेल.

एक सावधगिरी. खरा १ एमओए १०० यार्डांवर १.०४७ इंच असतो. काही स्कोपांचे टरेट सरळ १ इंचाच्या हिशेबानं कापलेले असतात आणि वर मात्र एमओए लिहिलेलं असतं. ३० एमओए फिरवल्यावर १००० यार्डांवर हा फरक १४ इंचांचा होतो.

फोकल प्लेन

फोकल प्लेन म्हणजे स्कोपच्या आत प्रतिमा जुळते ती जागा. अशा दोन जागा असतात आणि रेटिकल त्यांतल्या एकीत बसवलेलं असतं. पहिल्या फोकल प्लेनमधलं रेटिकल झूमबरोबर लहानमोठं होतं, त्यामुळे त्याच्या खुणा कोणत्याही पॉवरवर खऱ्या राहतात. दुसऱ्या फोकल प्लेनमधल्या खुणा फक्त एका ठरावीक पॉवरवर खऱ्या असतात, पण रेटिकल सगळीकडे तेवढंच बारीक दिसतं. प्लेटांसाठी पहिला घ्या, एफ-क्लाससाठी दुसरा.

एलेव्हेशन: सगळं इथेच अडतं

एलेव्हेशन म्हणजे टरेटनं नेम वर-खाली किती सरकवता येतो ते. या टप्प्यानं माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला आहे. दुकानदार यावर दोन वाक्यं बोलून पुढे जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

.३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची गोळी साधारण २६०० फूट प्रतिसेकंद वेगानं सुटली, तर १०० यार्डांच्या झिरोवरून (नेम धरला तिथेच गोळी पडते त्या जुळवणीवरून) १००० यार्डांवर पोहोचायला सुमारे ११ मिल वर जावं लागतं. हवामान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांप्रमाणे आकडा थोडा हलेल. तुमच्या गोळीचा आकडा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमधून काढा आणि कागदावर लिहा. स्कोप निवडताना याच आकड्याला धरून चालायचं आहे.

आता माहितीपत्रक बघा. तिथे 'एकूण एलेव्हेशन २० मिल' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, ११ हवेत आणि २० मिळतायत, झालं काम. ते २० मिल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे आहेत. टरेट मधोमध ठेवला तर वर १० आणि खाली १०. सपाट रेलवर (रायफलवरच्या, स्कोप बसवायच्या पट्टीवर) बसवलेला स्कोप १०० यार्डांवर झिरो करतानाच वरच्या बाजूचा साधारण १ मिल खर्च होतो, कारण स्कोप बॅरलच्या वर असतो आणि तेवढ्या अंतरात गोळीही थोडी खाली येते. उरले ९. हवेत ११. माहितीपत्रकावर भरपूर दिसणारा स्कोप १००० यार्डांवर पोहोचतच नाही.

उपाय म्हणजे उताराची रेल, ती स्कोप मुळातच पुढे झुकवते. २० एमओएची रेल ५.८ मिल देते. त्यामुळे वर जायला जवळजवळ १५ मिल मिळतात आणि काम निभावतं. मग काही जण सांगतात, ४० एमओएचीच घ्या, जास्त असलेली बरी. हा सल्ला आकडेमोड न करता दिलेला असतो. ४० एमओए म्हणजे ११.६ मिल. २० मिलच्या स्कोपला खाली जायला १० मिलच आहेत, त्यामुळे तो १०० यार्डांवर झिरोच होणार नाही. ३० मिल प्रवास असलेल्या स्कोपवर तीच रेल व्यवस्थित चालते. आधी स्कोपचा प्रवास बघा, मग रेल ठरवा, आणि दोन्ही टोकांना काही मिल शिल्लक राहतील असं गणित करा. ती शिल्लक लागतेच, कारण टरेटनं सरकणारी स्कोपच्या आतली नळी गोल पोकळीत सरकत असते. ती वर किंवा खाली टोकाला गेली की डावीउजवीकडे सरकायला जागा उरत नाही, आणि जोराच्या वाऱ्यात विंडेज (डावीउजवीकडची दुरुस्ती) अपुरं पडतं. टोकाला प्रतिमेचा दर्जाही घसरतो.

स्कोपच्या ३४ मिलिमीटरच्या बाहेरच्या नळीत प्रवास बहुतेक वेळा ३० मिलिमीटरच्या नळीपेक्षा जास्त मिळतो, पण तो गृहीत धरू नका. काही कंपन्या ती जागा जाड भिंतीसाठी वापरतात. जाड नळीतून प्रकाश जास्त येतो हा तर निव्वळ गैरसमज आहे.

प्रवास पुरेसा आहे एवढ्यावरही भागत नाही. टरेटवर १० मिल आले तेव्हा रेटिकल खरंच १० मिल सरकलं का, हे तपासायला हवं. टरेटचा स्क्रू आतली नळी ढकलतो आणि समोरून स्प्रिंग तिला दाबून धरते. स्क्रूचे आटे नेमके नसतील तर प्रत्येक क्लिक थोडा लहान किंवा मोठा पडतो. स्प्रिंग कमजोर असेल तर टोकाजवळ क्लिक ऐकू येतात पण नळी जागची हलत नाही. माझ्या हातून गेलेल्या एका महागड्या स्कोपचं नेमकं हेच होत होतं. मधल्या भागात हिशेब चोख, आणि शेवटच्या काही मिलमध्ये नुसता आवाज. किंमत बघून हे कळत नाही, काचेतून बघूनही कळत नाही.

तपासायची पद्धत अशी. सव्वा मीटर उंचीचा पुठ्ठा घ्या, त्यावर ओळंबा सोडून उभी रेघ मारा आणि रेघेवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. हा पुठ्ठा स्कोपपासून १०० मीटरवर लावा. हे अंतर टेपनं मोजा. रेंजवरच्या पाटीवर विसंबू नका, कारण अंतर २ टक्के चुकलं तर स्कोपवर २ टक्क्यांचा खोटा आळ येतो, आणि १०० मीटरऐवजी १०० यार्ड धरले तर चूक ८ टक्क्यांच्या वर जाते. स्कोप जड शिकंज्यात किंवा पक्क्या आधारावर असा जखडा की टरेट फिरवताना तो हलणार नाही. रेटिकलचा मध्य सर्वांत वरच्या खुणेवर आणा आणि टरेट 'वर'च्या दिशेनं फिरवा. रेटिकल खाली उतरत जाईल. १ मिलला १० सेंटिमीटर, ५ मिलला ५०, १० मिलला बरोबर १०० सेंटिमीटर उतरलं पाहिजे. मग मागे शून्यावर या आणि रेटिकल पहिल्या खुणेवर परत आलं का ते बघा. लांबच्या अंतरासाठी जेवढे मिल लागणार आहेत त्या भागातही हीच तपासणी करा, नुसती मधल्या भागात नको.

समजा १० मिलवर रेटिकल ९८ सेंटिमीटरच उतरलं. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. १००० यार्डांवर ११ मिलचे २ टक्के म्हणजे ०.२२ मिल, म्हणजे २० सेंटिमीटर. गोळी १० इंचांच्या वर्तुळाबाहेर, आणि तुम्ही दोष देणार वेगाला, बॅरलला, नाहीतर श्वासाला. ही चूक सगळीकडे सारखीच असेल तर स्कोप ठेवायला हरकत नाही, कारण ती हिशेबात धरता येते. चूक एका ठिकाणी २ टक्के, दुसऱ्या ठिकाणी ४ टक्के अशी असेल, किंवा रेटिकल शून्यावर परत येत नसेल, तर स्कोप परत करा. वाद घालत बसू नका, सवयीनं बरा होईल अशी आशाही ठेवू नका.

बरेच जण यासाठी चौकोनी चाचणी सुचवतात: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे थोडे क्लिक फिरवून गोळ्या झाडायच्या आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाजवळ पडली की स्कोप पास. ती चाचणी फक्त परत येणं दाखवते. क्लिक किती मोठा आहे हे तिला कळतच नाही. शिवाय चौकोन लहान असतो आणि ग्रुपचा पसारा त्यात मिसळतो, त्यामुळे १-२ टक्क्यांची चूक त्यात बुडून जाते. माझ्या मते लांब पल्ल्यासाठी ती वेळ आणि दारूगोळ्याची नासाडी आहे.

त्याच ओळंब्याच्या रेघेवर आणखी एक गोष्ट बघा. उभी रेघ रेटिकलशी जुळवून टरेट फिरवला तर रेटिकलचा मध्य रेघेवरूनच खाली उतरला पाहिजे. तो हळूहळू बाजूला जात असेल तर रेटिकल आत तिरकं बसलंय, आणि असा स्कोप मी ठेवत नाही. रायफलवर बसवतानाही ओळंबाच वापरा. टरेटच्या टोपीवर पाणसळ ठेवून स्कोप सरळ केला असं म्हणू नका, कारण टोपी आणि रेटिकल एकमेकांशी काटकोनात असतीलच असं नाही. ११ मिल वर गेल्यावर १ अंशाचा कल १००० यार्डांवर गोळी साडेसतरा सेंटिमीटर बाजूला नेतो, आणि नेमबाज त्याला वारा समजतो.

पॅरॅलॅक्स

पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की रेटिकल टार्गेटवर सरकल्यासारखं दिसणं. ते जुळवायची सोय नसलेला स्कोप लांब पल्ल्यासाठी घेऊ नका. ५० मिलिमीटरच्या काचेचा स्कोप १०० मीटरला जुळवलेला असेल आणि टार्गेट ३०० मीटरवर असेल, तर डोळा कडेला गेल्यावर जास्तीत जास्त ५ सेंटिमीटरची चूक होऊ शकते. आधी डोळ्याकडची काच आकाशाकडे बघून रेटिकलपुरती जुळवा. बघताना झटकन बघा, टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो. मग टार्गेटवर रेटिकल ठेवून डोकं किंचित वरखाली करा आणि रेटिकल टार्गेटवर तरंगायचं थांबेपर्यंत बाजूचं चाक फिरवा. चाकावरचे आकडे फक्त अंदाजासाठी असतात. दुकानातही हेच करून बघा. चाक सैल किंवा उड्या मारणारं असेल तर पुढे जाऊ नका.

आता पॉवर

१००० यार्डांसाठी २५ पुरते. एफ-क्लासवाले ४० ते ५५ पर्यंत जातात, पण जमीन तापली की तेच लोक पॉवर कमी करतात, कारण तापलेल्या हवेची थरथरही तेवढ्याच पटीनं मोठी दिसते. काचेचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास: ५० च्या काचेला २५ वर २ मिलिमीटर, ५० वर फक्त १. एवढ्या अरुंद झोतात डोळा ठेवणं कठीण जातं आणि चित्र अंधारतं. प्लेटांसाठी खालची पॉवर ५-६ च्या आसपास असू द्या, नाहीतर टार्गेट शोधण्यातच वेळ जाईल.

काच पारखायची तर दुपारी, उघड्यावर, लांबच्या बारीक अक्षरांकडे बघून. दुकानातल्या भिंतीवर सगळेच स्कोप सारखे छान दिसतात.

टरेट, रिंग, बसवणं

झिरो स्टॉप (टरेटला झिरोच्या खाली जाऊ न देणारा अडसर) हवाच. एका फेऱ्यात १० मिल देणारा टरेट ५ मिलच्या टरेटपेक्षा बरा, फेरे मोजण्यात घोळ होत नाही. स्कोप पकडणाऱ्या रिंगांवर पैसे वाचवू नका, आणि स्क्रू कंपनीनं दिलेल्या टॉर्कवरच, टॉर्क रेंचनंच आवळा. जोर लावून आवळलेल्या रिंगा नळी दाबतात आणि चांगल्या स्कोपचं ट्रॅकिंग (टरेटच्या हिशेबानं रेटिकल सरकणं) बिघडवतात. डोळ्यापासूनचं अंतर झोपून, नेहमीच्या पोझिशनमध्ये, सर्वांत जास्त पॉवरवर ठरवा.

पुठ्ठ्यावरची तपासणी परत करायची मुदत संपण्याआधी उरका. मिळालेला आकडा, वरच्या उदाहरणात १.०२, बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये स्कोपच्या दुरुस्तीसाठी जागा असते तिथे भरा. ती जागा नसेल तर कॅल्क्युलेटरनं दिलेल्या मिलला १.०२ नं गुणून टरेट फिरवा. स्कोप आपटला, रिंगा बदलल्या किंवा तो दुसऱ्या रायफलवर गेला की पुठ्ठा पुन्हा लावा.