पोरं वर्गात गप्प बसतात? या चुका टाळा

"समजलं का?" विचारलं की अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो आणि युनिट टेस्टला तेच गणित निम्म्यांना येत नाही. मग स्टाफरूममध्ये ठरतं की हल्लीची पोरं लक्षच देत नाहीत. असेलही. पण तुमच्या मनात काय होतं ते पोरांना दिसत नाही, तुमचा चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो आणि त्यावरच ती ठरवतात की या सरांना विचारायचं की नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कडक की प्रेमळ, यातलं एकच काहीतरी होता येतं असं धरून चालणं. नेदरलँड्समध्ये थिओ वुबेल्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली केली, शिक्षक कसे वागतात ते त्यात विद्यार्थी सांगतात, आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात, वर्गावर पकड किती अन् पोरांशी जवळीक किती. बऱ्याच अभ्यासांत दिसलं की दोन्ही जास्त असतील तिथे शिकणं बरं होतं, आणि विषयाची गोडी जास्त करून जवळिकीशी जोडलेली असते. अर्थात ज्याला विषय जमतो त्याला सरही आवडतात, असं उलटंही असू शकतं. आणि हो, हीच प्रश्नावली शिक्षकांनी स्वतःबद्दल भरली की बहुतेक जण स्वतःला, पोरं देतात त्यापेक्षा जास्त मार्क देतात!

दुसरी चूक घाईची. प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर सांगून मोकळं व्हायचं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाचे तास तपासले तर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत होते, ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली, एरवी न बोलणारी पोरंही बोलली. मनात तीन आकडे मोजा, बास.

"एवढं सोपं पण येत नाही?" हे वाक्य तर कायमचं बंद करा. तुम्ही सहज बोलता, पण मागच्या बाकावरची मुलगी वर केलेला हात खाली घेते आणि वर्षभर पुन्हा वर करत नाही.

फीडबॅक फॉर्म भरून घेत असाल तर रोल नंबर मागू नका, नाहीतर इंटर्नल मार्कांच्या भीतीने सगळे "सर बेस्ट" लिहिणार. "सर कसे शिकवतात?" पेक्षा "शंका विचारली तर सर चिडतात का?" असं थेट विचारा, आणि उत्तरं आली की कोणी लिहिलं असेल ते शोधत बसू नका.